फाउंडेशन लावूनही चेहरा एकसारखा का दिसत नाही?

तुमची अडचण अशी: घरच्या आरशात चेहरा नितळ वाटतो, पण उजेडात गेलं की तोच खडबडीत आणि पॅची दिसतो, आणि फाउंडेशन वाढवलं की आणखी बिघडतो.

नितळपणात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, रंग आणि पोत. वांग, मुरमांचे डाग, नाकाच्या कडेची लाली हा रंगातला फरक. खड्डे, उंचवटे, मोठी रंध्रं, कोरडे पापुद्रे हा पोतातला, आणि तिथे आपल्याला दिसते ती खरं तर सावली. फाउंडेशनमधलं टायटॅनियम डायऑक्साइड आणि लाल, पिवळी, काळी आयर्न ऑक्साइडं ही रंगद्रव्यं त्वचेचा रंग झाकतात. सावली त्यांना झाकता येत नाही. थर जाड झाला की तो खड्ड्यांत साचतो, पापुद्र्यांना धरून बसतो आणि एरवी नजरेत न येणाऱ्या कडा उठून दिसतात. घरातला समोरून येणारा मऊ प्रकाश सावल्या पुसतो, बाजूने पडणारं ऊन त्या लांबवतं. म्हणून मेकअप खिडकीसमोर बसून करा आणि शेवटी मान दोन्हीकडे वळवून पाहा.

आता रंगाकडे. रंगाची विभागणी किती महत्त्वाची आहे, हे फिंक, ग्रामर आणि मॅट्स या संशोधकांच्या २००६ सालच्या अभ्यासात छान दिसतं. त्यांनी वेगवेगळ्या वयाच्या स्त्रियांच्या त्वचेचा रंग एकाच त्रिमितीय चेहऱ्यावर चढवला. ठेवण तीच, सुरकुत्यांचा प्रश्नच नाही, तरी रंग जितका एकसारखा तितकं वय कमी वाटलं. डोळा शेजारच्या जागेशी तुलना करत असतो. त्यामुळे सगळा चेहरा रंगवायची गरज नसते. सगळ्यांत ठळक चार-पाच जागा सौम्य केल्या की उरलेली त्वचाही नितळ वाटू लागते.

मी असं करायला सांगेन. मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, आणि त्यानंतर दहा मिनिटं थांबा. ओल्या थरावर फाउंडेशन घासलं की खोडरबराच्या भुशासारख्या गुठळ्या निघतात. मग करेक्टर, म्हणजे डागाची छटा मारणारं रंगीत क्रीम, फक्त डागापुरता आणि अगदी पातळ: लालीवर हिरवा, डोळ्यांखालच्या निळसर-तपकिरी छटेवर पीच, सावळ्या किंवा गडद त्वचेवर नारिंगी. हिरवा जास्त झाला की त्वचा राखाडी दिसते आणि वरून कितीही फाउंडेशन लावलं तरी ती छटा डोकावते.

फाउंडेशन वाटाण्याएवढं पुरतं. गालांच्या मध्यावर आणि नाकाभोवती सुरुवात करा, कडेला नुसतं विरत न्या. ओला करून घट्ट पिळलेला स्पंज टेकवत, दाबत चला. ओढला तर खालचा करेक्टर सरकतो. यानंतरही जो डाग दिसेल त्यावर लहान ब्रशने कन्सीलरचा (डाग झाकणाऱ्या, त्वचेच्या रंगाच्या दाट क्रीमचा) ठिपका द्या, अर्धा मिनिट तसाच राहू द्या आणि फक्त त्याच्या कडा मिसळा. ठिपक्याच्या मधोमध थोपटणं ही फार नेहमीची चूक आहे, झाकलेलं सगळं तिथेच उचललं जातं.

इथे थांबा आणि आधी काजळ, लिपस्टिक लावा. डोळे आणि ओठ गडद झाले की त्यांच्याजवळचे फिके डाग तुलनेने आणखी फिके वाटतात, आणि फाउंडेशनचा दुसरा हात बहुतेक वेळा लागतच नाही.

पावडर कपाळ, नाक, हनुवटी एवढ्यापुरतीच. कोरड्या गालांवर ती पापुद्रे दाखवते. चमक असलेला हायलायटर खड्ड्यांवर किंवा रंध्रांवर नको, चमकेने प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. फ्लॅशने फोटो काढायचे असतील तर सिलिकाची पांढरी पावडर आधी एका फोटोत तपासा, चेहऱ्यावर पांढरे पट्टे उमटू शकतात.

शेड हातावर बघू नका, जबड्याच्या कडेला लावा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. बरीच फाउंडेशनं त्वचेवर थोडी गडद होतात. चेहरा आणि मान यांच्यात रेषा दिसत असेल, तर गालांवरची सगळी मेहनत त्या एका रेषेपायी वाया जाते.

आणि मुरमांच्या खोल खड्ड्यांसाठी मेकअपवर भरवसा ठेवू नका. त्यांचा रंग जुळवता येतो, खोली नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे उपचार आहेत.