पत्र्याची कड आधी बघ

गंज तपासायला रंगीत पत्र्याच्या शेडवर चढलास की पत्र्याच्या मधोमध बघत बसू नकोस. गंज सुरू होतो कापलेल्या कडेला, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीवरच्या टोकाला आणि दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे. पत्रा कापला की जस्त आणि रंगाच्या थरांच्या आतलं पोलाद उघडं पडतं. कडेचं जस्त काही वर्षं त्याला सांभाळतं, ते संपलं की रंग मागे सोलत जातो. तळोजा किंवा लोटे परशुरामसारख्या रासायनिक पट्ट्यात हे लवकर होतं.

रंगाचा पापुद्रा नखाने उचल. खाली पांढरी पूड असेल तर फक्त जस्त जातंय, काम स्वस्तात होईल. लाल गंज असेल तर पेचकसाने टोचून बघ. आरपार गेला तर रंगकाम विसर, पत्रा बदल.

सुटा रंग घट्ट रंग लागेपर्यंत खरवड. मग घासणं, धुणं, पूर्ण वाळवणं, झिंक फॉस्फेट प्रायमर (गंज रोखणारा पहिला हात), जोडात सीलंट (फट बुजवायला) आणि वर लवचीक कोटिंग. नुसता ऑइलपेंट फासणारे ठेकेदार पुष्कळ भेटतील. काम पावसाळ्याआधी उरक. नवा पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नकोस, ठिणग्यांनी कोटिंग जळतं.

आणि उजेडाच्या फायबर पत्र्यावर पाय नको, सेफ्टी बेल्ट लावलेला असला तरी.