वाचकांचे प्रश्न : कामगारांचा विमा इतका का रखडला?

प्रश्न : ब्रिटनमध्ये १९११ सालीच कामगारांच्या आजारपणाच्या आणि बेकारीच्या विम्याचा कायदा झाला. राज्य त्यांचेच होते, मग आपल्याकडे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यायला १९५२ का उजाडले? बेकारीच्या विम्याचे काय झाले?
— एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : पैसा नव्हता, हे उत्तर अपुरे आहे. पैसा कोणी भरायचा, इथे घोडे अडले. ब्रिटनमध्ये आजारपणाच्या विम्यासाठी पुरुष कामगाराचे आठवड्याला ४ पेन्स कापले जात, मालक ३ भरे आणि सरकार २. इथे तो सरकारी वाटा उचलायला कोणी पुढे येईना.

१९२७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आजारविम्याचा करार केला. भारत सरकारने तो स्वीकारला नाही. कामगार गावी परततो, आजारपणाची आकडेवारी नाही, डॉक्टर कमी, ही कारणे दिली गेली. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले आयोगाने १९३१ मध्ये आधी आकडेवारी जमवायला सांगितले. पण आजारपणाची रजा भरपगारी नसेल, तर तिची नोंद ठेवणार कोण? योजना नाही म्हणून आकडे नाहीत आणि आकडे नाहीत म्हणून योजना नाही, असे हे वर्षानुवर्षे चालले. अखेर मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे आजारविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. तेव्हा मजूरमंत्री होते डॉ. आंबेडकर. आडारकरांनी १५ ऑगस्ट १९४४ रोजी अहवाल दिला. ईएसआयचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतर, एप्रिल १९४८ मध्ये झाला.

पुढची चार वर्षे का गेली, हे फारसे सांगितले जात नाही. योजना टप्प्याटप्प्याने लागू होणार होती. ज्या शहरात ती आधी येईल, तिथल्या मालकांवर वर्गणीचा बोजा, बाकीचे मोकळे. म्हणून त्यांनी हरकत घेतली. १९५१ मध्ये कायदा दुरुस्त करून देशभरच्या मालकांवर विशेष वर्गणी बसवली : योजना सुरू झालेल्या भागात पगारबिलाच्या सव्वा टक्का, इतरत्र पाऊण टक्का. मगच २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरुवात झाली.

तरीही तेव्हा कायद्यातला ‘कारखाना’ म्हणजे विजेसारख्या शक्तीवर चालणारा आणि किमान २० कामगारांचा. सिन्नरला घरी बसून हाताने विड्या वळणारी बाई त्यात बसतच नव्हती. तंबाखूची धूळ तिच्याही छातीत जात होती.

बेकारीचा विमा तर वसाहतकाळात झालाच नाही. १९५३ मध्ये कामगारकपातीची भरपाई आली, सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. पण ती मालकाने द्यायची; कारखानाच बुडाला तर मागायची कोणाकडे? ईएसआयमधून बेकारी भत्ता मिळू लागला तो २००५ पासून.