पास आहे, पण खुर्ची?

प्रश्न : जानेवारीत पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, म्हणजे ‘पिफ’ला जायचंय. पास काढला की जागा पक्की ना? – एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. पासावर प्रवेश मिळतो. खुर्ची आधी येणाऱ्याची. गाजलेल्या चित्रपटाला पाऊण तास आधी रांग धरा. दिवसाला चारच्या वर चित्रपट आखू नका. वेळापत्रकात सुरुवातीची वेळ असते, म्हणून कालावधी मिळवून शेवट काढा. नंतर दिग्दर्शकाशी प्रश्नोत्तरं रंगली तर पंधरा-वीस मिनिटं जातातच. थिएटर बदलायचं तर तासाभराचं अंतर ठेवा, पुण्याची वाहतूक ठाऊक आहेच! उपशीर्षकं बहुधा इंग्रजीत; ती नीट वाचता यावीत म्हणून पुढच्या दोन रांगा टाळा. पासासाठी फोटो, ओळखपत्र सोबत असू द्या.