दोन लॅबचे रिपोर्ट जुळले नाहीत म्हणजे एक खोटा, असं नसतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भावाला ताप आला. दुसऱ्या दिवशी पहिल्या लॅबने डेंग्यूचा एनएस१ पॉझिटिव्ह दिला, प्लेटलेट १ लाख ४२ हजार. सहाव्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये एनएस१ निगेटिव्ह, आयजीएम पॉझिटिव्ह, शिवाय टायफॉइडच्या विडाल टेस्टमध्ये ‘ओ’ (जंतूच्या एका भागाविरुद्धच्या अँटिबॉडी) १:८० आणि प्लेटलेट ३८ हजार. त्याच संध्याकाळी रुग्णालयात पुन्हा रक्त काढलं, तर प्लेटलेट १ लाख १० हजार. तुमचे प्रश्न तीन : खोटं कोण बोलतंय? लॅबची तक्रार करू का? आणि घरातल्या बाकीच्यांना ताप नाही, तरी सगळ्यांची टेस्ट करून घेऊ का?

बावीस वर्षं लॅबच्या टेबलापाशी काढली आहेत, त्या जोरावर सांगतो : बहुधा कोणीच खोटं बोलत नाहीये. उपचारांचं डॉक्टर बघतील. मी फक्त हे कागद कसे वाचायचे तेवढं सांगतो.

एनएस१ हे डेंग्यूच्या विषाणूचं स्वतःचं प्रथिन. विषाणू शरीरात वाढत असतो तेव्हा ते रक्तात सांडतं, म्हणून तापाच्या पहिल्या दिवसापासूनच सापडू शकतं. आयजीएम ही आपल्या शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी. ती बनायला वेळ लागतो. पाचव्या दिवसापर्यंत सुमारे ८० टक्के रुग्णांत दिसते, दहाव्यापर्यंत जवळजवळ सगळ्यांत. म्हणजे एक टेस्ट चोर घरात आहे का ते बघते आणि दुसरी पोलीस आले का ते. दुसऱ्या दिवशी चोर सापडला, सहाव्या दिवशी चोर पळालेला आणि दारात पोलीस. तुमचे दोन रिपोर्ट भांडत नाहीयेत, ते एकाच गोष्टीचे दोन अंक आहेत. भावाला पूर्वी कधी डेंग्यू होऊन गेला असेल, तर जुन्या अँटिबॉडी एनएस१ ला लवकर गिळून टाकतात आणि ती टेस्ट आणखी आधी निगेटिव्ह होते.

उलट चूक मी कितीतरी वेळा पाहिली आहे. दुसऱ्या दिवशी फक्त आयजीएम करायची, निगेटिव्ह आली की ‘डेंग्यू नाही’ म्हणून निश्चिंत व्हायचं. त्या दिवशी ती निगेटिव्हच येणार! आणखी एक भानगड म्हणजे आयजीएम आजार बरा झाल्यावरही दोन-तीन महिने रेंगाळते. म्हणून एकट्या आयजीएमच्या पॉझिटिव्हवरून ‘अलीकडे डेंग्यू झाला असावा’ इतकंच म्हणता येतं. हा ताप त्याचाच, हे त्यातून सिद्ध होत नाही. तुमच्याकडे दुसऱ्या दिवसाचा एनएस१ पण आहे, म्हणून तुमची बाजू भक्कम.

आता ते विडाल. फ्रेंच डॉक्टर फर्नांड विडाल यांनी १८९६ साली मांडलेली ही टेस्ट. रुग्णाच्या रक्तातला सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, पातळ करत जायचा, १:२०, १:४०, १:८० असा, आणि टायफॉइडच्या मेलेल्या जंतूंमध्ये मिसळून त्यांच्या गुठळ्या होतात का बघायचं. सीरममध्ये अँटिबॉडी जितक्या जास्त, तितका तो पातळ केला तरी गुठळ्या होत राहतात. पण टायफॉइडची लस घेतली असेल, आजार आधी होऊन गेला असेल, टायफॉइडच्या जंतूच्या कुळातल्या (सॅल्मोनेला) दुसऱ्याच जातीशी गाठ पडली असेल, तरीही टायटर, म्हणजे किती पातळ करेपर्यंत गुठळ्या होतात तो आकडा, दिसतो. इतकंच काय, मलेरियासारख्या दुसऱ्याच तापातही तो वाढलेला दिसू शकतो. टायफॉइड जिथे नेहमीचा आहे तिथे धडधाकट माणसांतही १:८० सापडतं. सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोन सॅम्पल घेऊन टायटर चौपट वाढला तर त्याला काही अर्थ. एकाच सॅम्पलवर ‘टायफॉइड पॉझिटिव्ह’ लिहून मोकळं होणं मला तरी पटत नाही, आणि माझ्या पिढीने ते सर्रास केलंय हेही कबूल करतो.

टायफॉइडची खरी शंका असेल तर पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, ब्लड कल्चर. जंतू प्रत्यक्ष वाढवून दाखवणं याला अजून तोड नाही. पण तिथेही निगेटिव्हचा अर्थ जपून घ्यावा लागतो. टायफॉइडच्या रक्तात जंतू विरळ असतात, त्यामुळे ढोबळमानाने निम्म्याच रुग्णांत कल्चर जंतू दाखवतं. ५ मिली रक्त घेतलं की १० मिली, यानेही फरक पडतो.

‘सापडलं नाही’ आणि ‘नाही’ यांतलं अंतर टीबीच्या तपासणीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ ला टीबीचा जंतू जाहीर केला, तेव्हापासून बेडका रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची पद्धत चालू आहे. पण स्लाइडवर जंतू दिसायला बेडक्याच्या एका मिलीत सुमारे ५ ते १० हजार जंतू हवेत. कल्चरला १० ते १०० पुरतात, फक्त उत्तरासाठी आठवडे थांबावं लागतं. जंतूची जनुकं शोधणाऱ्या कार्ट्रिजच्या मशीनला शे-सव्वाशे लागतात आणि दोन तासांत काम होतं. तेव्हा तीन पद्धतींनी एकाच बेडक्याचे तीन रिपोर्ट आले, तर तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

पीसीआरबद्दल, म्हणजे जंतूच्या जनुकाच्या प्रती वाढवून तो शोधणाऱ्या टेस्टबद्दल, बरेच जण विचारतात म्हणून जाता जाता. प्रत्येक फेरीत जनुकाचा तुकडा दुप्पट होतो, त्यामुळे ज्या फेरीत तो यंत्राला दिसू लागतो तो आकडा, सीटी, जितका लहान तितका माल जास्त. सुमारे ३.३ फेऱ्यांचा फरक म्हणजे दहापट. पण पीसीआरला जिवंत आणि मेलेला जंतू यांतला फरक कळत नाही. उपचार संपल्यावरही ती काही काळ पॉझिटिव्ह राहू शकते. मलेरियाच्या झटपट टेस्टच्या कार्डाचंही तसंच, त्यातलं एक प्रथिन (एचआरपी२) परोपजीवी मेल्यानंतर काही आठवडे रक्तात फिरत राहतं. ‘औषध लागू पडलं का’ हे विचारायला कार्ड नको, स्लाइड हवी.

आता प्लेटलेट. तुम्ही सगळ्यात जास्त घाबरलात ते इथे, आणि माझा संशयही सगळ्यात जास्त इथेच आहे.

सेल काउंटर, म्हणजे रक्तपेशी मोजणारं यंत्र, पेशी ‘बघत’ नाही. अमेरिकी अभियंते वॉलेस कोल्टर यांनी १९५३ साली पेटंट घेतलेल्या तत्त्वावर तो चालतो : पेशी एका बारीक छिद्रातून जाते, विजेच्या प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो, त्या धक्क्याच्या आकारावरून यंत्र ठरवतं ही कोण. प्लेटलेट सगळ्यात लहान. चार-दहा प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या, तर यंत्र त्यांना प्लेटलेट म्हणून मोजतच नाही, कधी तर पांढऱ्या पेशीत घालतं. चिकटतात कशा? एक तर रक्त काढताना शीर नीट मिळाली नाही, हळूहळू ओढलं, ट्यूब लगेच उलटसुलट हलवली नाही, की बारीक गुठळ्या होतात. दुसरं, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, आणि हजारात एखाद्या माणसाच्या रक्तात अशा अँटिबॉडी असतात की ईडीटीएमुळेच त्याच्या प्लेटलेट गोळा होतात. जितका वेळ ट्यूब पडून राहील तितक्या जास्त. सकाळी काढलेलं सॅम्पल दुपारी मोजलं तर ३८ हजार, संध्याकाळी ताजं मोजलं तर १ लाख १० हजार, हे अगदी शक्य आहे.

अर्थात सहाव्या दिवशी डेंग्यूत प्लेटलेट खरोखरच घसरतात, त्यामुळे ३८ हजार हसण्यावारी नेऊ नका. यंत्रावर आलेल्या प्रत्येक कमी आकड्याची स्लाइड करून डोळ्यांनी बघायची असते. स्लाइडच्या कडेला प्लेटलेटचे पुंजके दिसले की यंत्राचा आकडा बाद. शंका राहिली तर फिकट निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा मोजायचं आणि आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण त्या ट्यूबमधल्या द्रवाने रक्त तेवढं पातळ होतं. आणि डेंग्यूत डॉक्टर प्लेटलेटइतकंच, कदाचित जास्तच, हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के त्याकडे, बघतात. तो आधीच्या मानाने २० टक्के चढला, तर रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतंय असा अर्थ. पुढचा रिपोर्ट आला की तुम्हीही आधी ती ओळ बघा.

यंत्रात रक्त जाण्याआधीच बहुतेक चुका झालेल्या असतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. एका रात्री माझ्यासमोर पोटॅशियम ८.१ आलं. एवढं पोटॅशियम म्हणजे हृदय कधीही थांबेल. मी फोन उचलणार तेवढ्यात शेजारचं कॅल्शियम दिसलं, ३ च्याही खाली. माणूस वॉर्डात गप्पा मारत बसलेला! ही टेस्ट करायच्या पिवळ्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून कोणीतरी जांभळ्या ट्यूबमधलं ओतलं होतं. ईडीटीए पोटॅशियमचं मीठ असतं आणि कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून दोन्ही आकडे एकदम वेडे. पुन्हा रक्त काढलं, सगळं ठीक. साखरेचंही तसंच : साध्या ट्यूबमध्ये रक्त पडून राहिलं की पेशी त्यातली साखर खातात, तासाला ५ ते ७ टक्के. करड्या झाकणाची ट्यूब त्यासाठीच असते.

घरातल्या सगळ्यांची टेस्ट करायची का? ताप नसेल तर नको. समजा टेस्ट चांगली आहे, शंभरातल्या ९५ आजाऱ्यांना बरोबर पकडते आणि शंभरातल्या ९५ निरोग्यांना बरोबर सोडते. अशा १०,००० लोकांवर वापरली ज्यांच्यात आजार फक्त १ टक्का आहे. आजारी १००, त्यातले ९५ सापडले. निरोगी ९,९००, त्यातले ४९५ चुकून पॉझिटिव्ह. एकूण ५९० पॉझिटिव्ह, खरे ९५. म्हणजे हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट असूनही आजार असण्याची शक्यता १६ टक्के. तीच टेस्ट, तेच किट, पण साथीत ताप आलेल्या अशा लोकांवर वापरली ज्यांच्यात आजार ३० टक्के आहे, तर २,८५० खरे आणि ३५० खोटे. शक्यता ८९ टक्क्यांवर जाते. किट बदललं नाही, माणसं बदलली. डॉक्टर आधी लक्षणं विचारून मग टेस्ट लिहितात त्याचं हेच कारण आहे, आणि लक्षण नसताना चाळीस टेस्टचं पॅकेज करून घेणाऱ्यांचा मला राग येतो त्याचंही. नॉर्मल रेंज निरोगी माणसांतल्या ९५ टक्क्यांवरून काढलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा तरी आकडा ठळक अक्षरात येण्याची शक्यता ६४ टक्के!

तक्रारीचं म्हणाल, तर दुसऱ्या लॅबला आधी फोन करा. सॅम्पल किती वाजता काढलं आणि किती वाजता मोजलं ते विचारा, आणि ३८ हजार आल्यावर कोणी स्लाइड पाहिली का तेही. पाहिली नसेल तर जांभळी ट्यूब अजून फ्रिजमध्ये असेल. तिच्यात गुठळी आहे का एवढं तरी आज बघायला सांगा. आणि पुढच्या वेळी फॉर्मवर ‘ताप’ एवढंच न लिहिता तापाचा कितवा दिवस तेही लिहा.