अल्फा ०.९१ आला, मग अडलं कुठे?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि नोकरी सांभाळून एम.एड. करतेय. पाचवीच्या मुलांना गणिताची भीती किती वाटते हे मोजायला ४० विधानांची प्रश्नावली बनवली, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत असे पाच पर्याय. पायलटमधे, म्हणजे आधी थोड्या मुलांवर करून बघितलं त्यात, क्रॉनबॅक अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९१ आला, गाइड खूश, मीही खूश. पण प्रेझेंटेशनला एका सरांनी विचारलं, विश्वसनीयता (मोजमाप दर वेळी सारखं येणं) झाली, सप्रमाणतेचं (जे मोजायचंय तेच मोजलं जाणं) काय? मी म्हटलं तीन तज्ज्ञांना दाखवलीय, तर ते नुसते हसले. ०.९१ आलेलं टूल चुकीचं कसं असेल?

उत्तर : ताई, ते सर हसले ते जरा जास्तच झालं, पण प्रश्न बरोबर विचारलाय त्यांनी. टूल चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, ते बरोबर आहे हे ०.९१ मधून कळत नाही एवढंच.

पूर्वी काही दुकानदार तराजूच्या पारड्याला खालून चिंचेचा गोळा चिकटवायचे, पासंग म्हणतात तो. त्या तराजूवर तीच साखर दहा वेळा तोला, दहाही वेळा एक किलोच भरणार, आणि घरी येऊन बघावं तर साडेनऊशे ग्रॅम. म्हणजे विश्वसनीयता एकदम फर्स्ट क्लास आणि सप्रमाणतेच्या नावाने बोंब. अल्फा तुम्हाला एवढंच सांगतो की तुमची ४० विधानं एकमेकांशी सूर जुळवून आहेत, पण ती भीतीबद्दल बोलतायत की आळसाबद्दल की मराठी वाचता न येण्याबद्दल, ते त्याला काय माहीत!

आणि अल्फाची अजून एक गंमत आहे जी बरेच गाइड सांगत नाहीत. विधानं वाढवली की तो आपोआप चढतो. समजा कुठल्याही दोन विधानांमधला सहसंबंध, म्हणजे त्यांची उत्तरं किती सोबत चालतात ते, सरासरी फक्त ०.२ आहे, म्हणजे तसा फुसकाच, तर १० विधानांना अल्फा येतो ०.७१ च्या आसपास, २० केली की ०.८३, आणि ४० केली की? ०.९१. तुमचाच आकडा. तुमचं असंच झालंय असा दावा नाही माझा, पण होऊ शकतं, त्यामुळे एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरच्या आउटपुटमधे शेवटच्या ओळीवर थांबू नका, विधानांचे आपसातले सहसंबंधही बघा. ‘मला गणिताची भीती वाटते’ आणि ‘गणित म्हटलं की मला घाबरायला होतं’ असं तेच तेच फिरवून लिहिलं असेल तर अल्फा वाढणारच की.

मजा म्हणजे ज्या ली क्रॉनबॅकचं नाव आपण रोज घेतो, त्याचा अल्फावरचा लेख १९५१ चा, आणि चारच वर्षांनी १९५५ मधे त्यानेच पॉल मील यांच्यासोबत संकल्पना सप्रमाणतेवर (भीतीसारखी न दिसणारी गोष्ट खरंच मोजली जातेय का, यावर) लेख लिहिला, जो या विषयात अजून वाचला जातो. आपल्याकडच्या प्रबंधांमधे पहिला क्रॉनबॅक पोचला आणि दुसरा बहुतेक वाटेतच उतरला.

आता थोडं बाहेरचं उदाहरण देतो, कारण ते आपल्या पुण्याचं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मधे स्वतःचाच शेजारीशेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तोच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के, दुपटीपेक्षा जास्त. आता यात वजनकाटा चुकला का? नाही. उंचीची पट्टी? तीही नाही. उद्या परत मोजलं तरी तेच येईल. चुकतो तो आपला निष्कर्ष, की बीएमआय सारखा म्हणजे चरबीही सारखी. म्हणून सप्रमाणता ही टूलला एकदा मारून टाकायचा शिक्का नसते, ती त्या आकड्यावरून तुम्ही कोणाबद्दल काय म्हणताय त्याची असते. दुसऱ्या कुठल्या शहरातल्या आठवीच्या मुलांवर चाललेली प्रश्नावली तुमच्या वाडीवरच्या पाचवीला तशीच चालेल असं धरून चालू नका.

मग करायचं काय? सात-आठ मुलांना एकेकटं बसवा, एक विधान वाचायला द्या आणि विचारा, तुला यातून काय कळलं, तू हे उत्तर का दिलंस. एवढंच. मी माझ्या कामात हे फार उशिरा केलं. ‘गणिताच्या तासाला माझ्या पोटात गोळा येतो’ असं मोठं झोकदार विधान मी टाकलं होतं आणि एक पोरगा ठाम सहमत, का रे विचारलं तर म्हणे, सर तो तास सुट्टीच्या आधी असतो ना, भूक लागते. तोवर पायलट उरकलं होतं! आणि तीन तज्ज्ञांपैकी एकालाही ते खटकलं नव्हतं, कारण तज्ज्ञ जेवून आलेले असतात. तज्ज्ञांना दाखवणं वाईट नाही, आशय सुटलाय का ते त्यांना कळतं, पण मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते फक्त मूलच सांगेल.

‘मला गणिताची भीती वाटत नाही’ असली उलटी विधानं असतील तर त्यावर ‘असहमत’ला टिक करताना पाचवीचं मूल गोंधळतंच, मोठी माणसंही गोंधळतात. ती कमी करा, आणि ठेवलीत तर गुण उलटे करायला, म्हणजे तिथे ‘असहमत’ला भीतीचे जास्त गुण द्यायला, विसरू नका.

अजून एक, ज्यांना वाचायला जड जातं त्यांचेच भीतीचे गुण जास्त येतायत का ते तपासा. मराठी वाचनाच्या गुणांशी तुमच्या प्रश्नावलीचा संबंध गणिताच्या तासाला मूल कसं वागतं त्याच्यापेक्षा घट्ट निघाला, तर तुम्ही बहुधा वाचनच मोजताय. आणि जमलं तर दोन-तीन आठवड्यांनी त्याच मुलांना परत द्या, अल्फा एकाच दिवसाचा असतो, आज आणि नंतर सारखं येतं का हे त्याला विचारून उपयोग नाही.

प्रश्न : घरचं बीपीचं मशीन पाच मिनिटांत तीन वेगळे आकडे दाखवतं. १४२, १३४, १३६. मशीन टाकून द्यावं का?

उत्तर : थांबा, टाकू नका. बीपी स्वतःच हलतं राहतं, पहिला आकडा बऱ्याचदा जास्त येतो, म्हणून तर एकावर विसंबत नाहीत. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकून, हात टेबलावर छातीच्या उंचीला, मग मिनिटभराच्या अंतराने दोन वेळा मोजा, सकाळ-संध्याकाळ, आणि सरासरी वहीत लिहा. आकडे थोडे पुढेमागे होणं सरासरीत मिटतं. मिटत नाही तो दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचा घोळ. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर प्रत्येक आकडा चढाच येतो, तिन्ही वेळा अगदी सारखा आला तरी चुकीचाच, वरच्या चिंचेच्या गोळ्यासारखा. तेव्हा आधी दंडाचा घेर मोजा, पट्ट्यावर लिहिलेल्या मापाशी जुळवून बघा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना मशीन पिशवीत घालून न्या, त्यांच्या मशीनने आणि तुमच्या मशीनने लागोपाठ मोजायला सांगा.