काळा सरडा दिसला म्हणून…
भाऊ, तोरणमाळच्या काळ्या खडकावरचा सरडा गडद आणि तापीकाठचा फिका दिसला, म्हणून लगेच 'जनुक बदललंय' असं लिहू नकोस. सकाळी उन्हाला अंग चपटं करून बसलेला गारठलेला सरडा गडदच असतो. अंग तापलं की तोच उजळतो. फोटोसोबत वेळ आणि खडकाचं तापमान टिपत जा. दोन्हीकडची पिल्लं एकाच उजेडात, एकाच उबेत वाढवूनही फरक टिकला, तरच तो वारशाचा. अमेरिकेत व्हाइट सँड्सच्या पांढऱ्या वाळूत फिकट झालेल्या सरड्यांच्या दोन जातींत एमसी१आर या, कातडीच्या रंगाशी संबंधित, एकाच जनुकात वेगवेगळे बदल सापडले. किती सुंदर आहे हे! वाढवायला पिल्लं किंवा जनुक तपासायला शेपटीचा तुकडा घ्यायचा असेल, तर आधी वनखात्याची लेखी परवानगी काढ.