घरी केलेल्या जॅम बार कुकीजमधून जॅम उतू जातो आणि तळ ओला राहतो. ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) बदलावा का?

ओटीजी मुळीच बदलू नका. तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय, तुम्ही बाजारातला मिक्स्ड फ्रूट जॅम वापरलाय, खालचा थर कच्चाच ठेवून त्यावर जॅम पसरलाय आणि सगळं एकदम भाजलंय. मग दुसरं काय होणार! दोष जॅमचा आहे. थोडा बटरचाही आहे, पण हे म्हटलं की आमच्या घरात वाद पेटतो.

आधी जॅम. ब्रेडला लावायचा जॅम सुरीने सहज पसरावा म्हणून मऊच ठेवलेला असतो. ओव्हनमध्ये तो सैल होऊन उकळतो आणि वाट मिळेल तिकडे जातो. बेकरीवाले भाजताना न वाहणारं वेगळं फिलिंग वापरतात. घरी त्याची गरज नाही, पेरू आणा. पेरूत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारं फळातलं द्रव्य, भरपूर असतं, म्हणून त्याचा जॅम घट्ट बसतो. स्ट्रॉबेरीत ते कमी असतं आणि पाणी जास्त.

आमच्या वन्संना हे आजतागायत पटलेलं नाही. त्या एका महागड्या बेकिंग क्लासला जाऊन आल्या तेव्हापासून जॅम बार म्हणजे बटर आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, हे त्यांचं ठरलेलं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, तिचा मलाही अभिमान आहे. पण ती ताजी खावी, क्रीम घालून खावी. बारमध्ये घालायचीच तर अर्धा पेरू मिसळून.

एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिळगुळाबरोबर पेरूच्या जॅमचे बार ठेवले होते, साजूक तुपातले. वन्संनी एक उचलला, तुकडा मोडला आणि भरल्या घरात सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, “अगं, तुपात केलंस म्हणजे ही नानखटाईच झाली. आणि पेरूचा जॅम कोण करतं?” मला फार लागलं ते. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर होत्या. त्यांनी वन्संना जवळ बोलावलं आणि आठवण करून दिली. दिवाळीच्या आधी मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून पेठेतल्या बेकरीत न्यायचं, ट्रे मिळेपर्यंत रांगेत थांबायचं आणि भट्टीतून निघालेली गरम नानखटाई त्याच डब्यांत भरून घरी आणायची. डबे धरायला बरोबर कोण असायचं? वन्संच! पुण्यातल्या कितीतरी घरांत ओव्हन यायच्या आधीपासून बेकिंग होत होतं आणि ते तुपात होत होतं. क्लासमधल्या बाईंना हे माहीत नसेल, पण ज्यांनी ते डबे वाहिले त्यांनी तरी तुपाला नाक मुरडू नये. बार संपले, हेही सांगते. दोन बायकांनी तर डब्यात मागून नेले.

यात नुसता अभिमान नाही, कारणही आहे. बटरमध्ये साधारण १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं आणि आपलं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं. तुपात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे तळ खुसखुशीत होतो आणि जॅमखाली लवकर ओला पडत नाही. मात्र बटरइतकंच तूप घ्यायचं नाही. १०० ग्रॅम बटर असेल तिथे ८० ग्रॅम तूप. आणि तूप थिजलेलं हवं. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात ते बरणीतच वितळतं, तेव्हा आधी फ्रीजमध्ये ठेवा.

माझं प्रमाण: मैदा २५० ग्रॅम, पिठीसाखर ९०, तूप १३०, चिमूटभर मीठ. बोटांनी चोळा. मुठीत दाबून गोळा होत नसेल तर चमचाभर थंड दूध. आठ इंची टिनला बटर पेपर लावून दोन तृतीयांश पीठ तळाला दाबा, काट्याने टोचा आणि १७० अंशांवर रंग यायला लागेपर्यंत नुसतं भाजा, पंधरा-अठरा मिनिटं. ही पायरी तुम्ही गाळलीत, म्हणून तळ ओला राहिला. मग कडेला करंगळीएवढी जागा सोडून २०० ग्रॅम जॅम पसरा, उरलेलं पीठ वरून चुरा आणि परत साधारण पंचवीस मिनिटं. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नका, गरम कापलंत तर हाती चुराच येईल.

जॅमसाठी पिकलेले पण टणक पेरू घ्या, मंडईत सासवडकडचे चांगले येतात. फोडी थोड्या पाण्यात मऊ शिजवून चाळणीतून गाळा, एकही बी राहता कामा नये. एक किलो गराला ७०० ग्रॅम साखर आणि दोन लिंबांचा रस. पुस्तकांत १०५ अंशांवर जॅम होतो असं लिहितात, ते समुद्रकाठच्या लोकांसाठी. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं. तेव्हा १०३ ला थांबा, नाहीतर वडी पडेल. थर्मामीटर नसेल तर फ्रीजरमधल्या गार बशीवर थेंब टाका, बोटाने सरकवल्यावर सुरकुती आली की झालं.

बटर वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. पुण्याच्या कॅम्पातल्या कयानी बेकरीची श्रुजबेरी बिस्किटं बटरचीच हवीत, ती तुपात कुणी करू नये. पण जॅम बारला बटरच लागतं, हे वन्संचं म्हणणं चूक आहे. तुमच्या घरी कुणी असं म्हणत असेल तर दोन्ही प्रकार एकाच दिवशी करा, नावं न सांगता समोर ठेवा आणि आधी कुठली ताटली रिकामी होते ते बघू द्या.

बाजारातल्याच जॅमने करायचं असेल तर तो लिंबू पिळून पाच-सात मिनिटं आटवून घ्या, बराच फरक पडतो. पावसाळ्यात हे बार दोन दिवसांत सादळतात, तेव्हा थोडेच करा. आणि तुमच्याकडे ओटीजी नसून साधा मायक्रोवेव्ह असेल, कन्व्हेक्शन (गरम हवेने भाजायची सोय) नसलेला, तर त्यात हे होणार नाही.